पासवर्ड ही अमानत आहे

'लपवण्यासारखे काही नसेल तर दाखवायला हरकत काय?' हे वाक्य अलीकडे मालक मंडळींच्या तोंडी फार बसले आहे. ऐकायला किती सरळ! जणू विचारणारा स्वच्छ, निष्कलंक, आणि ज्याला विचारले तोच काय तो संशयित. नोकरीसाठी आलेल्या मुलाला 'मोबाईल टेबलावर ठेव, फेसबुक उघड, इन्स्टाग्राम उघड' असे फर्मावणारा साहेब स्वतःचा मोबाईल मात्र अंगठ्याच्या ठशाने बंद करून पालथा ठेवतो. त्याच्या घरच्यांनाही तो उघडता येत नाही. त्याच्याकडे लपवण्यासारखे काय आहे, हे कोणी विचारत नाही. विचारण्याचा अधिकार पगार देणाऱ्याकडे आणि उत्तर देण्याची सक्ती पगार घेणाऱ्यावर, असा हा रिवाज आहे. माझे भांडण त्या रिवाजाशी आहे आणि त्या वाक्याशी आहे.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थी कुणी बारावी होऊन, कुणी पदवी घेऊन पुण्या-मुंबईला जातात. कुणी कॉल सेंटरमध्ये, कुणी मॉलमध्ये, कुणी फायनान्स कंपनीच्या वसुलीवर, कुणी दवाखान्याच्या काउंटरवर. अडचण आली की फोन करतात. पूर्वी विचारायचे, इंटरव्ह्यूला मराठीत बोलू की इंग्रजीत? आता विचारतात, 'टीचर, मोबाईल मांगरे, देना क्या?' कागदावर पासवर्ड लिहून मागणारा मालक विरळा. जे माझ्या कानावर येते त्यात रीत जरा सभ्य असते. मोबाईल उघडून हातात द्यायचा; किंवा साहेबांची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारायची; किंवा बंद खाते सगळ्यांना खुले करून ठेवायचे; किंवा ऑफिसच्या संगणकावर आपले व्हॉट्सअ‍ॅप जोडायचे आणि तसेच उघडे सोडून घरी जायचे. वाटा चार, पण शिरतात एकाच घरात.

अमेरिकेत या मागणीवरून दीड दशकापूर्वीच मोठा गदारोळ झाला. तो इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही, म्हणून थोडा तपशिलात सांगते.

मोंटाना राज्यात बोझमन नावाचे शहर आहे. तिथल्या पालिकेत नोकरी मागणाऱ्याला एका फॉर्मवर आपली फेसबुक, मायस्पेस, गुगल, याहू, यूट्यूब अशी सगळी खाती आणि त्यांचे पासवर्डही लिहून द्यावे लागत. जून २००९ मध्ये ही गोष्ट बाहेर फुटली, लोकांनी इतका संताप केला की थोड्याच दिवसांत पालिकेला तो फॉर्म मागे घ्यावा लागला. दुसरी हकीकत मेरीलँड राज्याच्या तुरुंग खात्याची. रॉबर्ट कॉलिन्स नावाचा एक कर्मचारी आईच्या मृत्यूनंतर रजेवर गेला होता. २०१० मध्ये परत कामावर रुजू होण्यासाठी आला तेव्हा मुलाखतीत त्याला फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. नोकरीची गरज होती, त्याने दिला. समोरच्या अधिकाऱ्याने तिथेच बसून, त्याच्या देखत, त्याचे खाते उघडून वाचायला सुरुवात केली. कारण काय सांगितले? कैद्यांच्या टोळ्यांशी संबंध आहेत का ते पाहायचे आहे! आई गमावलेला माणूस आणि त्याला सांत्वनाचे चार शब्द लिहिणारे त्याचे मित्र, असे सगळेच त्या टेबलावर उघडे पडले.

कॉलिन्सने 'अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन' या संस्थेकडे धाव घेतली. बोभाटा झाला तसे खात्याने आधी ही पद्धत थांबवली आणि मग नवी काढली. आता पासवर्ड मागणार नाही, उमेदवाराने स्वतःच खाते उघडावे, आम्ही शेजारी बसून पाहू. आणि हे सगळे 'ऐच्छिक' आहे! या ऐच्छिक शब्दाची गंमत पुढे येईलच. २०१२ मध्ये मेरीलँडने कायदा केला, अशा प्रकारचा अमेरिकेतला तो पहिला कायदा, आणि तो १ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झाला. त्याच वर्षी इलिनॉय आणि कॅलिफोर्निया या राज्यांनीही कायदे केले. आज दोन डझनांहून अधिक राज्यांत असे कायदे आहेत.

मेरीलँडच्या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 'पासवर्ड जबरदस्तीने घेऊ नये' एवढ्यावर तो कायदा थांबत नाही. मालकाने तो मागायचाच नाही, असे तो म्हणतो. मागणे आणि घेणे यांत आपण उगीच फरक करतो. भुकेल्या माणसाकडे पगार देणाऱ्याने काही मागितले की ते घेतल्यातच जमा असते. आपल्याकडे मात्र सारी चर्चा 'त्याने तर राजीखुशीने दिला' इथे येऊन संपते.

राजीखुशीची एक कथा न्यू जर्सीची आहे. तिथल्या एका रेस्टॉरंटमधल्या वेटर मंडळींनी २००६ मध्ये मायस्पेसवर आपला एक खासगी गट काढला होता. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसत उभे राहायचे आणि रात्री त्या गटात मॅनेजरच्या नावाने बोटे मोडायची. जगातला कुठला नोकर हे करत नाही? गटात येण्यासाठी निमंत्रण लागत असे. मॅनेजरांनी तिथे काम करणाऱ्या एका मुलीकडून तिचा पासवर्ड मिळवला, गट वाचला आणि दोघांना कामावरून काढून टाकले. प्रकरण कोर्टात गेले. पासवर्ड नाही दिला तर आपल्याला त्रास होईल असे वाटले म्हणून दिला, असे त्या मुलीने साक्षीत सांगितले. तिला कुणी मारले नव्हते, धमकावले नव्हते. २००९ मध्ये ज्यूरीने काढून टाकलेल्या दोघांच्या बाजूने निकाल दिला.

आता या कथेत नीट पाहा. पासवर्ड दिला एकीने, नोकरी गेली दोघांची. 'माझे खाते, माझा पासवर्ड, मी कुणालाही दाखवीन' हे म्हणणे इथेच कोसळते. माझ्या मोबाईलमध्ये माझे असे आहे तरी किती? माझ्या बहिणीने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल पाठवलेला आवाज आहे. मैत्रिणीचा डॉक्टरी रिपोर्ट आहे. एका विद्यार्थिनीने, घरी लग्नाची घाई चालली आहे, मला पुढे शिकायचे आहे, असे रात्री अकरा वाजता लिहिलेले आहे. हे सगळे त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून माझ्याकडे ठेवले. उर्दूत याला अमानत म्हणतात, मराठीतही आपण तोच शब्द वापरतो. मुलाखतीच्या टेबलावर मी माझा मोबाईल उघडून दिला तर मी माझे काही देत नाही. दुसऱ्यांची अमानत उचलून तिसऱ्याच्या हाती देते. त्याला आपल्या भाषेत एकच शब्द आहे, खयानत.

आपल्या आजी-नानींच्या काळी आखातातून खते यायची. घरात वाचता येणारे कुणी नसले तर मोहल्ल्यातल्या एखाद्या मास्तरांकडे, मौलवीसाहेबांकडे खत वाचून घेतले जायचे, उत्तरही त्यांच्याचकडून लिहून घ्यायचे. त्या माणसाला मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराची गरिबी, रुसवे-फुगवे, उधारी, गर्भपात, सगळे ठाऊक असायचे. पण ते त्याच्या पोटातच राहायचे. कुणा कारखानदाराने त्याला बोलावून 'अमक्याच्या खतात माझ्याबद्दल काय लिहिलेय?' असे विचारले असते तर त्या मास्तरांनी काय उत्तर दिले असते, याची मला कल्पना करता येते. आज खताची जागा मोबाईलने घेतली म्हणून तो कायदा बदलला काय?

आणि धर्माचे नाव घेऊन नोकरांचे मोबाईल तपासणारेही आपल्यात आहेत, म्हणून सांगते. दुसऱ्याच्या उणिवा हुडकत फिरणे, ज्याला तजस्सुस म्हणतात, ते सूरह हुजुरातमध्ये स्पष्ट मना केले आहे. आणि परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये हे सूरह नूरमध्ये सांगितले आहे. हजरत उमर रजि. यांच्याबद्दलची रिवायत वाजांमधून अनेकांनी ऐकली असेल. रात्री गस्त घालताना एका घरातून गाण्याचा आवाज आला म्हणून ते भिंतीवरून आत उतरले. आत एक माणूस दारू घेऊन बसलेला. तो घाबरला नाही. म्हणाला, मी एक गुनाह केला असेल, अमीरुल मोमिनीन, पण आपण तीन केलेत. हेरगिरी केलीत, दरवाजा सोडून भिंतीवरून आलात, आणि इजाजत न घेता, सलाम न करता शिरलात. खलिफा निरुत्तर झाले आणि माघारी गेले. ज्यांच्या नावाने सत्ता थरथरत असे, ते खलिफा माघारी गेले! आमच्या संस्थांचे सचिव मात्र इन्स्टाग्रामच्या भिंतीवरून उतरायला तयार नाहीत.

संस्थांचा विषय निघालाच आहे तर आडपडदा न ठेवता बोलते. कंपनीवाल्यांना शिव्या देणे सोपे आहे. आपल्याच शिक्षणसंस्थांत काय चालते? तासिका तत्त्वावर घेतलेली शिक्षिका बी.एड., टी.ई.टी. सगळे करून आलेली असते. मानधन असे की रिक्षाभाडे वजा जाता हाती काय उरते ते विचारू नये. तिला मुलाखतीत पाठाचे टाचण कोणी विचारत नाही. तिला विचारले जाते, इन्स्टावर आहेस का? दाखव. एका संस्थेत (नाव देत नाही, कारण देण्यात मला रस नाही, अशा संस्था अनेक आहेत) माझ्या ओळखीच्या एका मुलीला भावाच्या निकाहमधले तिचे फोटो दाखवून विचारले गेले की ओढणी डोक्यावर का नाही. ते फोटो तिने फक्त मैत्रिणींसाठी ठेवले होते. समितीवर चार पुरुष होते. त्या चौघांनी ते फोटो पाहिले, मोठे करून पाहिले, आणि मग शराफतीवर प्रवचन दिले. आता सांगा, त्या खोलीत बेहया कोण होते?

त्या मुलीला नोकरी मिळाली. दरमहा मानधन मिळते. तिने इन्स्टाग्राम बंद केले आहे. मैत्रिणींशी ती आता बोलते ती शाळेच्या पायऱ्या उतरून, रस्त्याच्या कडेला उभी राहून.

मुलांना असे विचारले जाते का? विचारतात, पण वेगळे. त्याला विचारतात, कुठल्या पक्षाच्या ग्रुपमध्ये आहेस, कुठल्या जमातीच्या, तबलीगवाला की सुन्नतवाला. म्हणजे मुलीच्या मोबाईलमध्ये अंगावरचे कपडे शोधायचे आणि मुलाच्या मोबाईलमध्ये मसलक. दोन्हीत शिकवता येते का हे शोधणारे कोणी नाही.

बाहेरच्या जगात आपल्या मुलांना हीच मागणी दुप्पट जड जाते, हे मात्र मान्य केले पाहिजे. अर्जावरच्या नावापासूनच त्यांच्याकडे जरा थांबून पाहिले जाते. सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की नियमित पगाराच्या नोकऱ्यांत आपला वाटा कमी आहे, बहुतेकांची रोजी स्वतःच्या छोट्या धंद्यावर किंवा हातावर. जिथे नोकरीच दुर्मीळ, तिथे 'नाही' म्हणण्याची ऐपतही दुर्मीळ. आणि मोबाईल उघडला की काय दिसणार? गाझातल्या मुलांसाठी केलेली दुआ. एखाद्या मौलानांचे बयान, जे मामूंनी पाठवले आणि ज्याने कधी ऐकलेही नाही. ईदच्या दिवशी मशिदीसमोर काढलेला फोटो. कुर्बानीचा हिशेब. दुसऱ्या एखाद्या उमेदवाराच्या मोबाईलमध्ये सत्यनारायणाचा फोटो असतो, तो घरगुती ठरतो. आमचा फोटो 'पार्श्वभूमी' ठरतो.

नोव्हेंबर २०१२ मधले पालघर आठवा. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन-चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्याला लाइक केले. दोघींना अटक झाली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. पण लाइकची भीती काही रद्द झाली नाही. मे २०२४ मध्ये मुंबईत विद्याविहारच्या एका नामवंत शाळेच्या मुख्याध्यापिकांना पदावरून काढण्यात आले. त्या मुसलमान, वर्षानुवर्षे त्या शाळेत काम केलेल्या. कारण? इस्रायल-गाझा युद्धासंबंधी 'एक्स'वरच्या काही पोस्टना त्यांनी दिलेले लाइक्स एका वेबसाइटने वेचून छापले होते. आधी राजीनामा मागितला, त्यांनी दिला नाही, मग काढून टाकले. दैवाचा खेळ असा की जूनमध्ये, म्हणजे महिनाभरातच, 'एक्स'ने लाइक्स दुसऱ्यांना दिसणे बंद करून टाकले! जे महिन्यापूर्वी उघड होते ते आता खासगी झाले. म्हणूनच आता मालकाला मोबाईल हातात घेऊन पाहण्याची गरज जास्त वाटणार.

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणा होईल. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, संयुक्त अरब अमिरातीत मुसलमानांविरुद्ध गलिच्छ लिहिणाऱ्या काही भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या ग्रुप्समध्ये त्या बातम्या किती आनंदाने फिरल्या! मग आता कोणत्या तोंडाने तक्रार करायची?

मला वाटते, तोंड आहे. त्या लोकांनी जे लिहिले ते चव्हाट्यावर लिहिले होते, एका जमातीला शिव्या देऊन लिहिले होते. ज्या दुकानात सगळ्या जमातींचे गिऱ्हाईक येते त्याच्या मालकाने याची दखल घेतली तर त्याला भिंतीवरून उतरावे लागलेले नाही. चव्हाट्यावरच्या बोलण्याला जबाबदारी असतेच, ती त्यांना आहे तशी आपल्यालाही आहे. पण त्या आनंदात एक विष होते. नोकराने काय बोलावे यावर मालकाची नजर असणे चांगलेच, ही गोष्ट आपण नकळत मान्य केली. तो आनंद ज्यांनी साजरा केला त्यांनीच चार वर्षांनी विद्याविहारच्या बातमीवर रडावे, हे मला जुळत नाही. एक शिवी आणि एक लाइक यांत फरक आहे. चव्हाटा आणि माजघर यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक आपल्या फायद्याच्या वेळी विसरायचा आणि तोट्याच्या वेळी आठवायचा, असे चालणार नाही.

सरकारेही मालकांना हाच धडा देत आहेत. अमेरिकेने जून २०२५ पासून शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व्हिसावाल्यांनाही आपली समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवायला सांगितले. ज्या देशातल्या राज्यांनी मालकांना पासवर्ड मागायला बंदी केली, त्याच देशाचे सरकार परक्याला म्हणते, दार उघडे ठेवून ये! आपल्या महाराष्ट्र शासनाने २८ जुलै २०२५ रोजी सरकारी, निमसरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे नियम काढले. त्यात शासनाच्या धोरणावर टीका करायची नाही, ही अट आहेच, आणि ती मला बिलकूल मान्य नाही. पण त्याच नियमांत एक गोष्ट सांगितली आहे की कर्मचाऱ्याने वैयक्तिक खाते आणि कार्यालयीन खाते वेगवेगळे ठेवावे. म्हणजे वैयक्तिक असे काही असते, हे शासनाने लेखी मान्य केले. आता कुणी संस्थाचालक मोबाईल मागू लागला तर त्याला हे शासनाचे वाक्य दाखवायला काय हरकत आहे?

'मुलांच्या सुरक्षिततेसाठी तपासावे लागते हो' असे काही मुख्याध्यापक सांगतात. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, शिपाई, शिक्षक, सगळ्यांची चौकशी झालीच पाहिजे. मीही आई आहे. पण चौकशीचे रस्ते आहेत. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आहे. आधीच्या शाळेत फोन करता येतो. पहिली काही महिने नजर ठेवता येते. मुलांना बोलते करता येते, जे आपण कधी करत नाही. ज्याच्या मनात खोट आहे तो मुलाखतीला दुसरे खाते घेऊन येईल, स्वच्छ, फुलांच्या फोटोंचे, दरूद शरीफचे. सापडणार कोण? ज्याने काही केलेच नाही आणि म्हणून काही पुसलेही नाही, तो! मोबाईल तपासण्याने लबाडाला वाट मिळते आणि भोळ्याच्या अंगावर डाग पडतो.

कंपनीची गुपिते बाहेर जातात, हा दुसरा आक्षेप. कंपनीने आपला संगणक तपासावा, आपला ई-मेल तपासावा, त्याला कोण अडवते? मेरीलँडच्या कायद्यातही अशा चौकशीसाठी जागा ठेवली आहे. गिरणीच्या फाटकावर झडती घेत असत ती कापडाची घेत असत. कामगाराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोची ट्रंक कोणी उघडत नव्हते.

आता आपल्या कायद्याकडे येते. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवताना मी मुलांना सांगते की २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवरचा तो निकाल. मुले टाळ्या वाजवतात. पण तो हक्क घेऊन पुण्यातल्या एखाद्या मालकाच्या टेबलासमोर उभे राहणे म्हणजे वकील, तारखा आणि बुडालेला रोजगार. त्याआधी २०११ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली जे नियम झाले त्यांत संवेदनशील माहितीच्या यादीत पहिलेच नाव 'पासवर्ड' आहे. वाचून बरे वाटते. पण लेखी संमती आणि वैध कारण असले की घेता येतो! मुलाखतीच्या खोलीत सही घ्यायला किती वेळ लागतो?

मग २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या कायद्यात संवेदनशील माहिती असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. संमती कशी असावी हे मात्र छान लिहिले आहे. ती मुक्त हवी, बिनशर्त हवी, समजून-उमजून दिलेली हवी. पण पुढे सातव्या कलमात काही कारणांसाठी संमतीशिवायही माहिती वापरता येईल असे म्हटले आहे, आणि त्यांत एक कारण आहे नोकरीसंबंधीचे, मालकाचे नुकसान टाळण्याचे. दाराला कुलूप घातले आणि किल्ली मालकाच्या खिशात दिली! 'मालकाचे नुकसान' म्हणजे काय? माझ्या एका लाइकमुळे चार पालक तक्रार घेऊन आले तर ते नुकसानच ना? हा शब्द रबरासारखा आहे. तो कोण ताणील आणि कुणाविरुद्ध ताणील, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. नोकरीच्या बोलणीत मालकाने कर्मचाऱ्याच्या किंवा उमेदवाराच्या खासगी खात्याचा पासवर्ड मागणे, त्याच्याकडून खाते उघडवून शेजारी बसून पाहणे, मैत्रीची विनंती स्वीकारायला लावणे, बंद खाते खुले करायला लावणे, या सगळ्याला कायद्याने सरळ बंदी असावी. आणि नकार दिला म्हणून नोकरी नाकारली किंवा काढून घेतली तर मालकाला दंड असावा. गुन्ह्याचा संशय असेल तर पोलीस आहेत, कोर्ट आहे, त्यांनी रीतसर कागद आणावा. यात संमतीचा उल्लेखसुद्धा नको. मेरीलँडच्या त्या 'ऐच्छिक' पद्धतीने शिकवले तेवढे पुरे. कामगार हा विषय केंद्राचा आणि राज्याचा, दोघांचा आहे. महाराष्ट्राला कुणाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका अमेरिकन राज्याने पहिला कायदा केला आणि मग बाकीची मागोमाग आली.

कायदा होईल तेव्हा होईल. आपल्या संस्थांना मात्र मुंबई-दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. कायम शिक्षकाला १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याने शाळा न्यायाधिकरणाचा दरवाजा तरी दिला आहे. तासिकेवरच्या मुलीची त्या दरवाजापर्यंत रिक्षाने जायचीही ऐपत नसते. तिच्यासाठी काही करायचे तर ते तिच्या मुलाखतीच्या खोलीतच करावे लागेल. मी एका पानाचा ठराव लिहिला आहे, मराठीत आणि उर्दूत. मुलाखतीला येणाऱ्याचा मोबाईल समितीचा कोणीही सदस्य हातात घेणार नाही, त्याच्या खासगी खात्याबद्दल प्रश्न विचारणार नाही, आणि मुलाखत समितीवर किमान एक महिला असेल, एवढेच त्यात आहे. शहरातल्या सात संस्थांकडे तो पाठवला. तीन संस्थांनी सही करून परत पाठवला आहे. एका संस्थेने महिलेची अट सोडून बाकी मान्य केले. त्यांना मी पुन्हा पत्र लिहिले आहे. उरलेल्या तीन संस्थांच्या अध्यक्षांना भेटायला आम्ही पाच-सहा शिक्षिका शाळा सुटल्यावर जाणार आहोत. जूनमधल्या नेमणुकांच्या आत हे व्हायला हवे.